जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या स्कॅन केल्या की नोंदणी डिजिटल झाली का?

नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात नाव टाकून शोधता येत नाही. प्रत्येक नोंद वाचून नाव, तारीख, आई-वडील वेगवेगळ्या रकान्यांत भरावे लागतात आणि दुसऱ्या माणसाने ते मूळ पानाशी ताडून पाहावे लागतात. खरा कस इथेच लागतो: फिकट शाई, खाडाखोड, एकाच नावाची तीन रूपं. घाई केली तर एका अक्षरापायी कुणाचा तरी वारसाहक्क अडकतो. म्हणून मूळ वही रद्दीत कधीच घालू नये.

नवी नोंद रुग्णालयातून थेट निबंधकाकडे जावी. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील १६.९ या लक्ष्यानुसार २०३० पर्यंत जन्मनोंदणीसह कायदेशीर ओळख सर्वांना द्यायची आहे. म्हणून घरी जन्मलेल्या बाळासाठी कागदी अर्ज चालूच ठेवायला हवा.