विचारा बिनधास्त: एअर पिस्तूलची लाकडी ग्रिप

प्रश्न: काका, मुलगी पंधरा वर्षांची आहे, १० मीटर एअर पिस्तूल करते. सेकंडहँड पिस्तूल घेतलं, त्याची ग्रिप, म्हणजे धरायची मूठ, मीडियम आणि हिचा हात लहान. अर्ध्या तासात अंगठ्याखाली दुखायला लागतं. ओळखीचे सुतार म्हणतात शिसमची मस्त बनवून देतो, पॉलिश मारून. करून घेऊ का?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, करून घ्या, फक्त पॉलिशचा विषय सध्या काढूच देऊ नका. ग्रिप दिसायला नाही, हात दर वेळी त्याच जागी बसावा म्हणून असते. पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, आणि ६० शॉट ७५ मिनिटांत एकाच हाताने मारायचे, त्यात हात जरा जरी वेगळा बसला तरी शॉट नऊला नाहीतर आठला जातो.

लाकूड शिसम चालेल, अक्रोड मिळालं तर उत्तम, हलकं असतं आणि कापायला गोड. सागवान तेलकट, त्यावर एपॉक्सी नीट धरत नाही, थिनरने पुसून घ्यावं लागतं. नवीन ओलं लाकूड मात्र अजिबात नको, आपल्याकडे मे महिन्यात हवा खडखडीत आणि जुलैत दमट, ग्रिप वाकते किंवा स्क्रूपाशी तडकते. घरात जुना शिसमचा पलंग पडून असेल तर त्याचा जाड पाया बघा, वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड फुकटात. रेषा ग्रिपच्या उभ्या लांबीत ठेवायला सांगा, आडव्या आल्या तर अंगठ्याच्या बेचक्यातला पातळ भाग पहिल्यांदा तुटतो.

जुनी ग्रिप कापू नका, तीच नमुना आहे. पिस्तूलच्या फ्रेमला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, टेकणारा आतला खाचा सगळ्यात कटकटीचा, तिथे फ्रेमला पातळ काजळ लावायचं, लाकूड दाबून बघायचं, काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं, परत दाबायचं. कंटाळा येतो पण दुसरा उपाय नाही, ग्रिप फ्रेमवर हलली तर बाहेरून कितीही सुंदर कोरा, उपयोग शून्य.

बाहेरच्या आकाराला लिपस्टिक. हवेचा सिलिंडर काढून, छर्रा नाही हे दोनदा बघून, मुलीच्या तळहाताला लावा आणि नेहमीसारखं पिस्तूल धरायला सांगा. रंग दाट उमटला तिथे लाकूड टोचतंय, अजिबात नाही तिथे पोकळ आहे. दाट जागा कानशीने थोडी थोडी कमी करा, पोकळीत एम-सीलसारखी पुट्टी भरा. ट्रिगरचं बोट लाकडाला टेकता कामा नये, नाहीतर दाबताना पिस्तूलच बाजूला ढकललं जातं. मग डोळे मिटून हात उचलायचा आणि डोळे उघडायचे. उजव्या हाताची पोर असेल आणि पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी, मागच्या खाचेत डावीकडे दिसली, तर तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकतो तिथे पुट्टीची भर घाला. साइटचे स्क्रू फिरवून हे सुटत नाही, बरेच जण तेच करत बसतात!

प्रश्न: काका, घरी बनवलेली ग्रिप मॅचमध्ये इक्विपमेंट चेकला अडवतात का? – इंदूरचा एक ज्युनियर

उत्तर: घरची आहे म्हणून नाही रे, मापात नाही म्हणून अडवतात. अख्खं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या बॉक्समध्ये बसलं पाहिजे आणि वजन १५०० ग्रॅमच्या आत. वजनाची काळजी सोड, अडतं ते त्या ५० मध्ये, कारण अंगठ्याची फळी आणि तळहाताचा फुगवटा मिळून रुंदी कधी वाढते कळतच नाही. जाड पुठ्ठ्याचा तेवढाच डबा करून घरीच बघत जा. खालची तळहाताची फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, वर वळवून हाताला मिठी मारणारी तर नकोच, आणि मनगट मोकळं दिसलं पाहिजे.

प्रश्न: ग्रिप तयार आहे, मेलामाइन पॉलिश करू की तेल? – एक वाचक, महू

उत्तर: तेल. चकचकीत पॉलिशवर घामाचा हात सरकतो आणि नंतर एक जागा घासायची झाली की सगळं खरवडा. पॉलिश पेपर ८०, १२०, २२० एवढा बास. ओल्या फडक्याने पुसा, सुकल्यावर उभे राहिलेले तंतू परत २२० ने काढा. बोटं आणि तळहात लागतो तिथे खिळ्याचं टोक जरा बोथट करून हातोडीने दाट ठिपके पाडा, पकड त्यानेच येते. मग जवसाचं तेल, पण उकळलेलं, सियागंजला हार्डवेअरवाल्यांकडे विचारा, कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. पातळ हात मारायचा, जास्तीचं पुसायचं, एक दिवस सोडून परत, असे तीन-चार हात.

आणि हो, तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना तापून आपोआप पेटतात, खरंच. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. घासताना मास्क लावा, शिसम आणि सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला बाधतो.

रामबागच्या ताईंना एक राहिलंच, पोरीचा हात अजून वाढणार, तेव्हा तेल-बिल सहा महिने थांबवलं तरी चालेल, पुट्टीच्या ठिगळांची ग्रिप घेऊन रेंजवर खुशाल जाऊ द्या.