एका दिवसात तीन शॅटो (फ्रान्समधले वाडे) आणि द्राक्षमळा, जमेल का?

प्रश्न: आमचा भिशीचा ग्रुप, 16 जणी-जण मिळून, जूनमध्ये पॅरिसला जातोय. एक दिवस मोकळा आहे, टूरवाले म्हणतात लुआर नदीच्या खोऱ्यातले शांबोर, शनोंसो, आंब्वाझ हे तीन किल्ले आणि वर वाइनचा मळा, सगळं त्याच दिवशी. ग्रुपमधले अर्धे दारूला शिवत नाहीत, चार घरं जैन आहेत. हो म्हणू का?
- एक ताई, जळगाव

उत्तर: ताई, जा, पण तीन नको हो. माणसाला वाटतं पैसे भरलेत तर बठ्ठं एकच दिनमा दखाडी द्या, आणि मग सगळा दिवस बसमध्ये जातो. पॅरिसहून शनोंसो म्हणजे जवळपास जळगाव-नाशिक एवढं अंतर, म्हणजे सकाळी निघून नाशिक बघून रात्री घरी, त्यात तीन ठिकाणी उतरायचं. शिवाय तिकडे ड्रायव्हरला साडेचार तास गाडी चालवली की 45 मिनिटं थांबावंच लागतं, कायदा आहे, आपल्यासारखं "दादा अजून थोडं मारा ना" चालत नाही. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो ही एक सोय, पण पाय तर आपलेच ना.

मी गेलो तेव्हा आमच्या टूरवाल्याने शांबोरला 50 मिनिटं दिली होती, त्यातली 20 बाथरूमच्या लाइनीत गेली. 1519 ला फ्रान्स्वा पहिला या राजाने बांधायला घेतलेला हा वाडा, आणि मधोमध तो दुहेरी जिना, दोन जिने एकमेकांभोवती वळत वर जातात. बायको एकीकडून चढली, मी दुसरीकडून, मधल्या झरोक्यातून ती दिसत होती, हात करत होती, पण वरपर्यंत आमची गाठ काही पडली नाही. हे बघायला दोन तास हवेतच. म्हणून शांबोर आणि शनोंसो ही दोनच घ्या. आंब्वाझला लिओनार्दो दा विंची 1519 लाच वारला, तिथल्या चॅपलमध्ये त्याची समाधी आहे, त्यासाठी जीव तुटत असेल तर मग शांबोर सोडा.

मळ्याचं म्हणाल तर व्हूव्रे या गावचा मागा. शनन ब्लां नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, आणि तळघरं म्हणजे मऊ चुनखडीत खोदलेल्या गुहा, आत बारा महिने 12 अंशांच्या आसपास, बाहेर ऊन असलं तरी शाल ठेवा आणि भिंतीला टेकू नका, काळ्या कोटावर पांढरं पीठ बसतं. जूनमध्ये द्राक्षं हिरवी, बारीक असतात, तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, तेव्हा फोटोतले घोस मिळणार नाहीत. न पिणाऱ्यांसाठी द्राक्षाचा रस मिळेल का ते बुकिंग करतानाच विचारा. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात कोणाला वाईट वाटत नाही. जैन मंडळींना मात्र आधी सांगा, वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात कधी कधी, आणि तिथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध फाडायला वापरतात ते रेनेट असतं. ठेपले, खाकरे, दाण्याची चटणी घ्या. पेढे आणि तूप बॅगेत नको, बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ युरोपात चालत नाहीत, विमानतळावर फेकून देतील.

प्रश्न: आम्ही लहानपणापासून लळिंग चढलेले, ते किल्ले बघून काय वेगळं वाटणार?
- एक वाचक, धुळे

उत्तर: भाऊ, शांबोर-शनोंसो हे किल्ले नाहीतच, राजाराणीचे शिकारीचे, मौजेचे वाडे आहेत, लळिंगसारखी वाट अडवायला कोणी बांधले नाहीत. शनोंसो तर शेर नदीवरच उभा आहे. दुसऱ्या आंरी राजाने तो दियान द प्वातिए या आपल्या लाडकीला दिला, 1559 ला राजा मेला आणि राणी कातरिनने तो तिच्याकडून घेतला, बदल्यात शोमों नावाचा वाडा दिला, आणि दियानने बांधलेल्या पुलावर 60 मीटर लांब दालन चढवलं. पहिल्या महायुद्धात त्याच दालनात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल होतं. 1940 नंतर शेर नदी ही जर्मनांच्या ताब्यातल्या आणि मोकळ्या भागातली हद्द झाली, वाड्याचं पुढचं दार इकडे, दालनाच्या टोकाचं दार तिकडे. त्या टोकाशी गेलात की दार नीट बघा, रात्री माणसं गुपचूप तिथूनच पलीकडे निसटत होती.