झुबिन मेहता संगीतात कसे आले? घरातूनच की नंतर?

घरातूनच हो. वडील मेहली मेहता व्हायोलिनिस्ट, त्यांनी १९३५ला बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला आणि झुबिन १९३६चे, म्हणजे जन्मापासून कानावर तेच. मधे सेंट झेवियर्समधे डॉक्टरकीच्या तयारीला लागले होते पण मन रमलं नाही, १९५४ला थेट व्हिएन्ना, तिथे डबल बास (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, खर्जातलं वाद्य) आणि कंडक्टिंग, म्हणजे ऑर्केस्ट्राचं संचालन शिकले, मग १९५८ला लिव्हरपूलची कंडक्टरांची स्पर्धा जिंकली आणि गाडी सुटलीच. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक १९६२ला, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे १९७८ला. भाऊ झरीन पण पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा कारभार बघायचा. मला सगळ्यात भिडतं ते १९९१चं, इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत असताना हे तिथे जाऊन कॉन्सर्ट करत होते आणि समोर लोक गॅस मास्क घेऊन बसलेले! आणि हो, एवढं जग फिरून खिशात तिखट मिरच्या कायम, मुंबईकर माणूस शेवटी.