जर्मनीला निघालेल्या मुलीने भाषा इथेच शिकावी का?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न श्टुटगार्टला नोकरी करणाऱ्या मुलाशी ठरले आहे. त्याच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदाराला मिळणारा निवास परवाना) असल्यामुळे तिला जर्मनची परीक्षा द्यावी लागणार नाही, भाषेचे तिकडे गेल्यावर बघू, असे मुलाकडचे म्हणतात. लग्नाला सहा महिने आहेत. काय करावे?
– एक आई, सातारा

उत्तर : मुलाकडचे सांगतात ते नियमाला धरूनच आहे. जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्यांना २००७ पासून साधारणपणे ए-१ ही जर्मनची सर्वांत पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागते आणि ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. ती व्हिसापुरती आहे, म्हणून मुलीने जर्मन शिकवणाऱ्या पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात किंवा अन्यत्र आजच नाव घालावे, असे मी आग्रहाने सांगेन. सहा महिन्यांत ए-१ आरामात होते.

जावयांचे कार्यालयात इंग्रजीवर भागेलही, पण दवाखान्याची वेळ घेणे, घरी येणारी सरकारी पत्रे आणि पुढे बालवाडीच्या सूचना हे सारे बहुधा जर्मनमध्येच असते. बालवाडीच्या चिठ्ठीत ‘मात्शहोझे’ आणा असे लिहिलेले असते. ती चिखलात खेळताना घालायची जलरोधक विजार. तो शब्द आईला कळला नाही, तर पावसात सगळी मुले अंगणात असताना आपले मूल दारात उभे राहते. गरोदरपणाच्या तपासणीत तर प्रत्येक तक्रार नवऱ्याच्या तोंडून सांगावी लागते, आणि काही गोष्टी त्याच्यासमोर बोलता येत नाहीत, हे आपण आई म्हणून जाणताच.

तिथे गेल्यावर सरकारी एकात्मता वर्गाची, म्हणजे नव्याने आलेल्यांना भाषा आणि तिथले जीवन शिकवणाऱ्या वर्गाची, चौकशी निवास परवाना घेतानाच करावी. नेहमीच्या वर्गात पाऊण तासाच्या ६०० तासिका भाषेच्या असतात आणि त्यांत बी-१, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः निभावता येण्याची पातळी, गाठायची असते. पुढच्या १०० तासिकांत कायदा, इतिहास आणि समाजजीवन शिकवतात. हा दुसरा भाग कोणी हलका समजू नये. मुलांना मारहाणीविना वाढण्याचा हक्क तिथे २००० पासून कायद्याने आहे, त्यामुळे आपल्याकडे सहज दिली जाणारी चापटही तिथे चालत नाही. पत्नीला नोकरीची मुभा असते, आणि तिथे तीन वर्षे एकत्र संसार झाल्यावर दोघे विभक्त झाले तरी तिला सामान्यतः स्वतंत्र निवासाचा हक्क मिळू शकतो. छळ होत असेल तर ही मुदत पूर्ण होण्याची अटही शिथिल होते. छळ होत असल्यास मदत आणि सल्ल्यासाठी ११६ ०१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तो मुलीने पाठच करावा.

होणाऱ्या जावयांशी मात्र लग्नाआधीच बोलून घ्या. पहिल्या वर्षी तिचे वर्गाचे तास घरकामापायी बुडणार नाहीत, एवढे त्यांच्याकडून आपण स्पष्ट कबूल करून घ्यावे.