डॉक्टर आणि रुग्णालय यांच्यातील आर्थिक संबंधांमुळे फक्त बिल वाढते, की रुग्णाच्या जिवालाही धोका असतो?

माझ्या मते जिवालाही धोका असतो, फक्त तो बिलासारखा छापून हातात येत नाही.

मी काही वर्षे तालुक्याच्या गावातील एका खासगी रुग्णालयाचे हिशेब पाहत होतो. महिनाअखेरीस रुग्ण पाठवणाऱ्या डॉक्टरांची यादी निघे, त्यात रुग्णाचे नाव, बिलाची रक्कम आणि शेवटच्या रकान्यात 'कट', म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल त्या डॉक्टरांना द्यायचे कमिशन. पैसे पाकिटातून रोख जात. टाके चिघळले का, रुग्णाला पुन्हा भरती करावे लागले का, यासाठी त्या यादीत रकानाच नव्हता.

कोणत्या सर्जनचा हात चांगला आहे, हे आपल्याला कळत नाही; ते सांगू शकतो तो आपला फॅमिली डॉक्टर, कारण पाठवलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले हे त्याने वर्षानुवर्षे पाहिलेले असते. चिठ्ठीवरचे नाव टक्केवारीवरून ठरू लागले की ही चाळणीच निकामी होते. शिवाय दिलेला कट वसूल करायचा म्हणून अतिदक्षता विभागातला मुक्काम एका दिवसाने वाढला, तर खर्चाबरोबर जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते.

मालकीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. अमेरिकेच्या आरोग्य खात्यातील महानिरीक्षक कार्यालयाने २००८ मध्ये डॉक्टरांची मालकी असलेल्या आणि ठरावीक प्रकारच्या उपचारांनाच वाहिलेल्या १०९ रुग्णालयांविषयी अहवाल दिला. त्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी ठिकाणी डॉक्टर चोवीस तास हजर असत, आणि ३४ टक्के रुग्णालये अत्यवस्थ रुग्णाला सावरण्यासाठी ९११ या आपत्कालीन क्रमांकावर अवलंबून होती. रुग्णालयानेच बाहेरून मदत मागवायची, हे वाचून मी चक्रावलो होतो.

आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देण्या-घेण्यास मनाई केली, परंतु ती संहिता नोंदणीकृत डॉक्टरांना लागू होते, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीला नव्हे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. तो मार्गी लागला नाही.

त्यामुळे चिठ्ठी हातात पडली की मी डॉक्टरांना आणखी एक नाव मागतो, आणि या दोन्ही ठिकाणी त्यांनी पाठवलेल्यांपैकी कोणाला दुसऱ्यांदा ऑपरेशन करावे लागले का, हे विचारतो. कटाची पर्वा न करणारे डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.