केव्ही १.४ चा प्रवाह घटतो तेव्हा: पेशी टाकून देण्याआधी

आपण लिहिले आहे की एचईके पेशींमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये) केव्ही १.४ या पोटॅशियम चॅनलचा प्रवाह दर दोन सेकंदांनी दिलेल्या विद्युत पल्सबरोबर घटत जातो, म्हणून हा रनडाउन (प्रवाहाची कायमची घसरण) असावा आणि पेशी खराब असाव्यात. याच समजुतीपायी मी पीएचडीच्या काळात कित्येक धडधाकट पेशी टाकून दिल्या.

दोष पेशींचा नव्हता, दोन पल्समधल्या अंतराचा होता. केव्ही ४.२ या दुसऱ्या पोटॅशियम चॅनलसाठीचा प्रोटोकॉल मी जसाच्या तसा उचलला होता. ते चॅनल निष्क्रियतेतून (पल्स चालू असतानाच प्रवाह बंद पडण्यातून) सेकंदाच्या आत पूर्ववत होते, केव्ही १.४ ला मात्र कित्येक सेकंद लागतात. त्यातच एका सेवा केंद्राने सगळा ठपका प्रवाह मोजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवून तो तीन महिने अडकवला. परत आला तेव्हा घसरण तशीच होती. त्या तीन महिन्यांची हळहळ अजून जात नाही.

होशी, झागोटा आणि ऑल्ड्रिच यांनी १९९० मध्ये शेकर या फळमाशीतील पोटॅशियम चॅनलवर दाखवले की प्रथिनाच्या आरंभीची सुमारे वीस अमिनो आम्ले गोळ्यासारखी आतून छिद्रात अडकतात आणि जलद निष्क्रियता घडवतात. हा गोळा निघाला की काम झाले, असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात गोळ्यामुळे पोटॅशियमचा ओघ थांबला की छिद्राच्या बाहेरच्या बाजूची संथ, सी-प्रकारची निष्क्रियता बळावते, आणि केव्ही १.४ किती वेळात सावरणार हे मुख्यतः तीच ठरवते.

म्हणून पेशी −९० मिलिव्होल्टच्या पटलविभवावर मिनिटभर एकही पल्स न देता ठेवा. त्यानंतरचा प्रवाह पहिल्याइतकाच आला, तर तो रनडाउन नव्हे. बाहेरच्या द्रावणात पोटॅशियम वाढवल्यावर चॅनल लवकर सावरले, तर शंकेला जागा उरत नाही. अशा वेळी सोडियम तेवढेच कमी करावे. विश्रांतीचा विभव −६० मिलिव्होल्ट ठेवण्याचा मोह टाळावा, असे माझे ठाम मत आहे, कारण तेथे बरीच चॅनल्स निष्क्रियच राहू शकतात.

माझा अनुभव खोलीच्या तापमानातील एचईके पेशींपुरता आहे. चेतापेशींत अनेक चॅनल्सचे प्रवाह मिसळलेले असतात, तेथे हेच आकडे लावू नयेत. पुढे आपण पेशीपासून सुटा केलेला पॅच (पेशीपटलाचा तुकडा) वापरणार असाल, तर उलटा अनुभव येईल: गोळ्यातील सिस्टीन या अमिनो आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन जलद निष्क्रियताच मंदावते. तेव्हा पॅचच्या आतल्या बाजूला ताजे डीटीटी (हे ऑक्सिडीकरण उलटवणारे रसायन) देऊन पाहावे.