जळकी तांब्याची तार घेतली आणि पोलीस दुकानात आले, आता काय?

प्रश्न : माझं निफाड तालुक्यात भंगारचं दुकान आहे. दोन पोरांकडून 22 किलो जळकी तांब्याची तार कॅशने घेतली, पावती नाही, नाव-गाव विचारलं नाही. आठ दिवसांनी पोलीस त्यातल्या एकाला घेऊन आले, 17 किलो जप्त केली. राहिलेली मागच्या शेडमध्ये आहे. मित्र म्हणतो ती विकून टाक, आणि मागच्या तारखेची पावती करून ठेव. चोरीची आहे हे मला माहीतच नव्हतं, तरी केस होईल का?

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे मित्राचं अजिबात ऐकू नका. मागच्या तारखेची पावती म्हणजे खोटा कागद, त्याची वेगळी केस होईल. आणि चोरीचा माल आहे हे आता तुम्हाला कळलंय, त्यामुळे उरलेली 5 किलो लपवली किंवा विकली तर "माहीत नव्हतं" म्हणायला जागाच राहत नाही. वकिलाला सोबत घेऊन ती स्वतःहून पोलिसांकडे जमा करा आणि पंचनाम्याची कॉपी मागून घ्या.

केस होऊ शकते, हो. जुलै 2024 पासून आयपीसीच्या 411 च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 317 आलंय, 3 वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दंड किंवा दोन्ही. त्यात नुसतं माहीत होतं का एवढंच बघत नाहीत, माल चोरीचा आहे असं मानायला पुरेसं कारण होतं का हेही बघतात. आणि इथेच तुमची बाजू कमजोर आहे, स्पष्टच सांगतो. वायरमनकडे उरलेले तुकडे असतात ते प्लास्टिकसकट येतात, पण अनोळखी पोरं 22 किलो काळी पडलेली, जळका वास येणारी तार आणतात आणि मिळेल त्या भावात देतात तेव्हा ती कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची केबल असेल हे या धंद्यातल्या माणसाला कळायला पाहिजे, कोर्ट हेच विचारणार. त्या शेतकऱ्याचं पाणी ऐन हंगामात बंद पडतं हो, आणि विकत घेणारा आहे म्हणूनच केबल कापली जाते.

आता तुमच्या बाजूचं. पोराने पोलिसांना तुमचं नाव सांगितलं एवढ्यावर शिक्षा होत नाही, जप्त केलेली तार त्याच शेतकऱ्याची हे सिद्ध करावं लागतं आणि जळक्या तारेला ओळख पटवणं सोपं नसतं. 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलीस सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची नोटीस देतात, त्या तारखेला हजर राहा, टाळू नका. गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणून अटकेची भीती वाटली तर आधीच सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका. "मिटवून टाकतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. माल रेल्वेचा निघाला तर मात्र 1966 चा वेगळा कायदा लागतो, 5 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि माल कायदेशीर मार्गाने आला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं.

इंग्लंड-वेल्समध्ये 2013 च्या कायद्याने भंगार कॅशने घ्यायला बंदी आहे, लायसन्स लागतं, विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासून रेकॉर्ड ठेवावं लागतं. आपल्याकडेही असंच कडक पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तोपर्यंत तुम्ही उद्यापासूनच रजिस्टर सुरू करा, आधारची कॉपी, मोबाईल नंबर, गाडी नंबर, काट्यावरच्या मालाचा फोटो, पैसे यूपीआयने. आणि जळकं तांबं कोण आणतंय याची खात्री पटत नसेल तर घेऊच नका, तेवढं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.